वेड्या बाभळीची बहीण

शालन, शेंगा पडायला लागल्या.

काल सकाळी पाचला चहा घेऊन पोर्चवर आलो, तर तुझ्या खुर्चीत तीन पडलेल्या. वाळून पिवळ्या झालेल्या, एकीवर जांभळे ठिपके. खुर्ची झटकायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. उभ्यानेच चहा प्यायलो. तुला जाऊन सात आठवडे झाले.

मनीषा म्हणाली, "बाबा, मंडळाच्या अंकासाठी आईवर काहीतरी लिहा ना." मी म्हटलं, मला गोडगोड लिहिता येत नाही. पस्तीस वर्षं लॅबमध्ये पाण्याचे रिपोर्ट लिहिले. त्यात जे सापडलं ते लिहायचं, नाही सापडलं तर नाही सापडलं असं लिहायचं. एवढीच माझी शैली. पण मग वाटलं, लिहावंच, आणि छापायलाही द्यावं. कारण तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. राहिली म्हणजे मी विसरलो नव्हतो. दोन वर्षं मला माहीत होती आणि मी सांगितली नाही. तुझा पाणउतारा मी चारचौघांत केला होता, तेव्हा कबुलीही चारचौघांतच द्यायला हवी.

आपण दोघं माणदेशातले. पाऊस जिथे वाट चुकूनच यायचा, त्या टोकाचे. माझा बाप दुष्काळी कामावर खडी फोडायचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी तुला किती वेळा ऐकवलं असेल याचा हिशोब नाही. तू सातवीपर्यंत शिकलीस, कारण तुझ्या घरी शेळ्या होत्या आणि त्यांच्यामागे जायला कुणीतरी हवं होतं. माझं बी.एस्सी.चं सर्टिफिकेट फ्रेम करून आपण प्रत्येक घरात लावलं. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, मग ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या घरात, मग इथे. त्या काचेवर कधी धूळ दिसली नाही. आणि मी ती काच कधी पुसल्याचं मला आठवत नाही. परवा बोट फिरवलं, तर बोट भरलं.

दोन हजार दोनमध्ये मी रिटायर झालो. ह्यूस्टनच्या दमट हवेत तुझे गुडघे धरायचे. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत जा. म्हणून वाळवंटातल्या टूसॉनच्या बाहेर, डांबरी रस्ता संपतो तिथे, हे घर घेतलं. मला धाकधूक होती की हा ओसाड मुलूख बघून तू रडशील. तू गाडीतून उतरलीस, पायाशी वाकून मूठभर मुरूम उचललास, बोटांतून सोडलास आणि म्हणालीस, "आवं, हे तर माणच हाय. एवढं जग फिरवलंत आन् पुन्हा माणातच आणून सोडलंत व्हय मला?"

तू हसत होतीस. मला आतून राग आला होता. त्या मुरमातून बाहेर पडायला मी आख्खं आयुष्य घातलं होतं, आणि तुला तो ओळखीचा वाटला.

इथे आपल्या सकाळी बऱ्या गेल्या. मी दुर्बीण आणि वही घेऊन बसायचो, तू ताटात काहीतरी निवडत. मी पुस्तकात बघून इंग्रजी नावं लिहायचो, तू नावं ठेवायचीस. कुंपणापलीकडच्या त्या उंच निवडुंगाला एकच हात होता, तोही वर उगारलेला. त्याला तू 'मास्तर' म्हणायचीस. सुतारपक्ष्यानं त्याच्या छातीत भोक पाडून घर केलं, तेव्हा म्हणालीस, "बगा, मास्तरला बी मन हाय." तुरेवाल्या क्वेल पक्ष्यांना तू लाव्हरी म्हणायचीस. त्या पिल्लांची रांग घेऊन यायच्या, कारण तू रोज उजाडताना तांदूळ धुतलेल्या पाण्याचा सडा घालायचीस, पायरीपुढे, परातीएवढ्या जागेत. मी म्हणायचो, "हे वाळवंट आहे. इथे पाणी जपून वापरायचं असतं." त्यावर तू, "मला सांगता? म्या दीड मैलावरनं डोक्यावर आणलंय. तुमी नळाचं तपासलंय."

ती क्वेलच्या घरट्याची गोष्ट तर मी कुणाला सांगितलीच नाही. आठवडाभर दुर्बिणीतून प्रत्येक झुडूप पिंजून काढत होतो. क्वेलची जोडी दिसते, मग घरटं कुठेय? आणि त्याच आठवड्यात माझी कुरकुर चालली होती की आमटीत कोथिंबीर का नाही, दारातल्या कुंडीत एवढी माजलीय. चौथ्या-पाचव्या दिवशी तू ताट पुढ्यात सरकवून म्हणालीस, "बाळंतीण बसलीय तिथं." मी वाकून बघितलं. कोथिंबिरीत, माझ्या चपलांपासून दोन हातांवर, ती अंड्यांवर बसून माझ्याकडे बघत होती. अंडी फुटून पिल्लं जाईपर्यंत आपण बिनकोथिंबिरीचं जेवलो. वहीत मी लिहिलं, 'घरटं सापडलं.' कुणाला सापडलं ते लिहिलं नाही. आज बघितलं, तशी वही भरलीय. 'दिसलं', 'आढळलं', 'सापडलं'. निम्म्याहून जास्त तू दाखवलेलं.

आता त्या झाडाचं.

पोर्चवर सावली धरणारं हे मेस्कीट. पहिल्या उन्हाळ्यात त्याच्या शेंगा गळायला लागल्या, तेव्हा तू एक उचललीस, पदराला पुसलीस आणि दातांनी फोडलीस. मी ओरडलो, "अगं, काय आहे ते माहीत नाही आणि तोंडात काय घालतेस?" तू चघळत राहिलीस. चव जिभेवर फिरवत लांब कुठेतरी बघत होतीस. मग म्हणालीस, "ही आपल्या येड्या बाभळीची भन हाय."

मी तुला समजावलं. बाभळीला पिवळी गोल फुलं येतात, हिला बघ कसे लांब तुरे आहेत. तू म्हणालीस, "साध्या बाभळीचं न्हाई म्हणत मी. येडी बाभळ. बांधावर माजती ती. तिला असंच तुरं येतात." मी वेडी बाभूळ नीट बघितली होती कधी? तू तिच्याखाली शेळ्या चारत होतीस तेव्हा मी साताऱ्याला होस्टेलमध्ये बाभळीची आकृती पाठ करत होतो. पण ते मी बोललो नाही. म्हणालो, "तुला काय कळतंय." घरातल्या घरात एवढं चालायचं. तू मनावर घ्यायची नाहीस.

पुढच्या जूनमध्ये शुगर लँडहून दिवाकर आणि नीलाताई आले. दिवाकर आपला तिथला शेजारी, पुण्याचा. वडील प्रोफेसर, घरात भिंतभर पुस्तकं. तो कधीच काही बोलला नाही, माणूस चांगला आहे. पण त्याच्यासमोर बसलं की मला माझ्या शर्टाची कॉलर बघावीशी वाटायची. पस्तीसेक वर्षं अमेरिकेत राहून, पेन्शन घेऊनसुद्धा.

आपण चौघं पोर्चवर बसलो होतो. दिवाकरनं विचारलं, "झाड छान आहे रे. कुठलं म्हणायचं हे?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तू आधी बोललीस, "आमच्याकडची येडी बाभळ असती ना भावजी, तिची भन."

मी म्हणालो, "हिला बॉटनी शेळ्यांनी शिकवलंय. सातवीपर्यंत. ऐकायचं आणि सोडून द्यायचं."

दिवाकर हसला. मी त्याच्याहून मोठ्यानं हसलो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. "अमेरिकेचं झाड माणदेशात पोचणार कसं? पोहत?" असंही म्हणालो. तू "चहा टाकते" म्हणून उठलीस. नीलाताई तुझ्यामागे आत गेल्या. मी दिवाकरला अर्धा तास झाडांच्या कुळांवर लेक्चर दिलं. त्यातलं किती बरोबर होतं, देव जाणे.

शालन, मी तुला हसलो नव्हतो. म्हणजे हसलो तुलाच, पण मला भीती वाटली होती. 'येडी बाभळ', 'भन', हे शब्द तू त्याच्यासमोर बोललीस आणि मला वाटलं, आता ह्याला दिसणार, माझी फ्रेम भिंतीवरून खाली आली आणि मागे बापाचं कंदिलावरचं घर उघडं पडलं. ते झाकायला मी तुला पुढे केलं. ते लोक गेल्यावर विचारलं, "रागावलीस का?" तू म्हणालीस, "कशापाई?" आणि घमेलं घेऊन शेंगा वेचायला गेलीस.

शेंगा तू पलीकडच्या रोझाबाईबरोबर वेचायचीस. तिची आजी मेक्सिकोत ह्याच शेंगांचं पीठ करायची. ती स्पॅनिशमध्ये बोलायची, तू मराठीत, आणि तासभर गप्पा चालायच्या. मी विचारलं, काय बोलता गं? "तिच्या सुनंबद्दल," म्हणालीस. रोझाबाईच्या पुतण्याकडे गिरणी होती. तू पहिल्यांदा पीठ दळून आणलंस आणि भाकरीत घालते म्हणालीस, तेव्हा माझं ताटावरून उठायचंच बाकी होतं. "मी एवढं शिकलो ते शेळीचं खायला नाही." तू म्हणालीस, "बरं."

विषय संपला. त्यानंतर मला तू कधी आग्रह केला नाहीस. पिठाची पिशवी फ्रीझरमध्ये ठेवायचीस, तुझी तुला. मी माझी ज्वारीची भाकरी खात होतो आणि सुखी होतो. उलट इथली भाकरी मला शुगर लँडपेक्षा गोड लागायची. मनीषाला मी एकदा त्याचं कारणही समजावून सांगितलं होतं, की इकडच्या कोरड्या उन्हात ज्वारीत साखर जास्त उतरते. तू तव्यावरची भाकरी उलटत होतीस.

दोन हजार पाचमध्ये एका मंगळवारी मी लायब्ररीत गेलो. घुबडांवरचं पुस्तक हवं होतं. शेजारच्या फळीवर इथल्या झाडांचं एक जाडं पुस्तक दिसलं, सहज उघडलं. मेस्कीटचं प्रकरण. त्यात लिहिलं होतं की हिच्याच कुळातली झाडं अमेरिकेतून जहाजांनी दूरदूर नेली गेली, हिंदुस्थानातही, आणि तिथल्या कोरड्या मुलखात ती रान होऊन पसरली. खाली फोटो. झाडाखाली शेळ्या. मागे आपल्याकडच्यासारखा बांध.

मी उभ्या उभ्या दोनदा वाचलं. झाड आपल्याकडून इकडे आलं नव्हतं, इकडून आपल्याकडे गेलं होतं. अगदी तेच नाही, पण बहीण. तू म्हणाली होतीस तेच. एक शेंग चावून तू जे सांगितलंस, ते मला कळायला तीन वर्षं आणि एक लायब्ररी लागली.

घरी यायला वीस मिनिटं लागतात. वाटेत मी वाक्य जुळवत होतो. 'शालन, ऐक, तुझं बरोबर होतं.' सोपं वाक्य. गाडी लावली. तू पोर्चवर सूप घेऊन बसली होतीस, शेंगांतला कचरा पाखडत.

"घावलं का पुस्तक?"

"लायब्ररी बंद होती."

"मंगळवारी?"

"असेल काहीतरी सुट्टी."

तू माझ्याकडे बघितलंस, मग सुपाकडे. आणि परत पाखडायला लागलीस.

ते वाक्य मी दोन वर्षं खिशात घेऊन फिरलो. रोज त्या झाडाच्या सावलीत चहा प्यायलो. म्हणायचो, उद्या सांगू. दिवाळीला सांगू. मनीषा आली की तिच्यासमोर सांगू. अडचण काय होती विचारशील, तर काहीच नव्हती. तू हसली असतीस, फार तर 'शेळ्यांस्नी कळवते' म्हणाली असतीस. पण 'तुला काय कळतंय' ह्या वाक्यावर मी जन्मभर टेकून उभा होतो. ते काढलं तर मी कशावर उभा राहणार, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी तुला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी दोनदा ठरवून आलो. दुसऱ्यांदा तर खुर्ची जवळ ओढली, घसा खाकरला. तू डोळे उघडलेस. "पाखरांचं पाणी भरलं का?"

"भरलं."

भरलं नव्हतं. दोन दिवस पायरीजवळच्या त्यांच्या भांड्याकडे माझं लक्षच नव्हतं. खोटं बोलल्यावर लगेच खरं बोलता येईना, म्हणून म्हटलं, आधी जाऊन भरतो, मग येऊन सांगतो. भर उन्हात घरी आलो, भांडं घासलं, भरलं, पायरीपुढे सडासुद्धा घातला, हातानं, वेडावाकडा. लाव्हऱ्या आल्या नाहीत, त्यांची ती वेळ नव्हती. परत गेलो तोवर तू बोलण्यापलीकडे गेली होतीस. मी तुझ्या कानाशी ते वाक्य बोललो. पण ज्याला उत्तर येणार नाही ते बोलणं मी धरत नाही. रिपोर्टमध्ये मी ते 'सांगितले' असं लिहू शकत नाही.

म्हणून गेल्या रविवारी दिवाकरला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हटलं, "दिवाकर, ते पोर्चवरचं झाड. शालन बरोबर होती. मी चूक होतो."

"कुठलं झाड?" त्याला काहीच आठवत नव्हतं. मी सगळं सांगितलं, माझं वाक्यसुद्धा, शब्दाला शब्द. तो म्हणाला, "अरे, मी हसलो होतो का?" मी म्हटलं, "हसलास." "सॉरी यार," म्हणाला. मग नीलाताईंनी फोन घेतला.

"मला आठवतंय," त्या म्हणाल्या. "मी तिच्यामागे आत गेले होते ना. मला वाटलं, रडत असेल. ती आलं किसत होती. मी म्हटलं, शालनताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तर म्हणाली, 'मनाला कशाला लावू? आज पाव्हणे हायत म्हनून गप बसले. उद्यापासनं बघते त्यांच्याकडं.'"

"मग? काय बघितलं?" मी विचारलं.

"ते तुम्हाला माहीत," नीलाताई म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं. मी दोन दिवस आठवत बसलो. तू कधी भांडली नाहीस, अबोला धरला नाहीस, टोमणा मारला नाहीस. काय बघितलंस तू माझ्याकडं?

परवा मनीषा फ्रीमाँटच्या तिच्या घरून परत आली. आठवडाभर सुट्टी काढलीय. आज तिनं ज्वारीचं नवं पाकीट फोडून भाकरी केली. दोन घास खाल्ले आणि मी म्हटलं, "पीठ जुनं दिसतंय गं. चव नाही."

"नवीनच आहे, बाबा. आईचं मिक्स संपलं काल."

"कसलं मिक्स?"

ती हातातला घास हवेत धरून थांबली. मग तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळे भरले. "यू रिअली डिडन्ट नो? आई तुमच्या ज्वारीत मेस्कीटचं पीठ घालायची. चारला एक. इतकी वर्षं. शी मेड मी प्रॉमिस. आणि तुम्ही मला साखर आणि उन्हाचं लेक्चर दिलंत तेव्हा ती माझ्याकडे बघत पण नव्हती, कारण आम्ही दोघी हसून फुटलो असतो."

ती उठली आणि फ्रीझरमधून ती पिशवी घेऊन आली. मी ती चार वर्षं बघतोय. बर्फ काढताना, आइस्क्रीम शोधताना, कितीदा उचलून बाजूला ठेवली असेल. तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवलेली आणि तुझ्या सातवीतल्या गोल अक्षरात लिहिलेलं: 'शेळीचं'.

शालन, मी खूप हसलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मनीषा घाबरली. मग तिनं त्या पिठाची भाकरी केली आणि मी ताटासमोर नीट मांडी घालून बसलो. माहीत असताना खाल्लेली ही पहिली. गोड आहे. इतकी वर्षं गोडच होती.

तर आता लिहितो, जो अंक दिवाकर वाचेल, नीलाताई वाचतील आणि मला ओळखणारे आणखी शंभर जण वाचतील, त्यात लिहितो. ते झाड वेड्या बाभळीची बहीण आहे. हे शालननं सांगितलं, पुस्तकाच्या आधी आणि पुस्तकाशिवाय. मी तिला खोटं पाडलं, आणि खरं कळल्यावर गप्प बसलो. ह्यात फेरतपासणीला जागा नाही.

मनीषा म्हणते, घर विका आणि फ्रीमाँटला चला. तिचं चुकत नाही. पण मी तिला सांगितलंय, शेंगांचा हंगाम संपेपर्यंत तो विषय काढू नकोस. पिशवीत दोन वेळचं पीठ उरलंय. सडा मी रोज घालतो. अजून परातीएवढा गोल जमत नाही, पण आज सात लाव्हऱ्या आल्या.

उद्या सकाळी रोझाबाई येणार आहे. तिचं स्पॅनिश मला कळत नाही, पण तिनं दोन बोटं दाखवली आणि झाडाकडे हात केला, म्हणजे दोन पोती. मी दोन्ही धुऊन मास्तरच्या समोरच्या दोरीवर वाळत घातली आहेत. आणि मघाशी, तुझ्या खुर्चीतली एक शेंग शर्टाला पुसून दातांनी फोडली.